गाणाऱ्याचं येणं

१८८२ साली इंग्लंडच्या शिक्षणखात्याने शाळेतल्या गाण्याचा भाव ठरवून टाकला. मुलं ऐकून पाठ केलेली गाणी म्हणत असतील तर शाळेला डोईमागे सहा पेन्स अनुदान, आणि कागदावरची सुरावट वाचून गात असतील तर एक शिलिंग, म्हणजे थेट दुप्पट. निरीक्षक यायचे, वर्ग उभा राहायचा, मुलं गायची आणि शाळेचं उत्पन्न ठरायचं. निकाल पाहून अनुदान देण्याच्या या एकंदर पद्धतीवर मॅथ्यू आर्नल्ड यांनी, स्वतः शाळानिरीक्षक असूनही, कडक टीका केली होती आणि ती रास्तच होती. तरीही त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला आजच्या परीक्षांपेक्षा सरळ वाटते. परीक्षा मुलाची असे, पण निकाल वाईट लागला तर झळ शाळेला बसे. मुलाला वाचायला शिकवणं हे शाळेचं काम, आणि ते झालं की नाही याचा हिशेब शाळेकडेच मागायचा, एवढं त्यात गृहीत होतं.

देवळात, चर्चमध्ये, उपासनेत गाणाऱ्यांच्या परीक्षा घ्याव्यात का, हा वाद चालतो तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही. चर्चा भलत्याच जागी अडकते.

ब्रिटनमध्ये चर्चच्या गायनवृंदांसाठी पायऱ्यापायऱ्यांच्या परीक्षांची पद्धत चांगली रुळलेली आहे. ती चालवणारी मुख्य संस्था म्हणजे रॉयल स्कूल ऑफ चर्च म्युझिक. वेस्टमिन्स्टर ॲबीचे ऑर्गनवादक सिडनी निकोल्सन यांनी १९२७ मध्ये ती काढली आणि तिच्यासाठी ॲबीतली मानाची जागा सोडली. गावोगावच्या साध्या चर्चमधलं गाणं सुधारावं, हा त्यांचा ध्यास होता. संस्थेला 'रॉयल' हे बिरुद १९४५ मध्ये मिळालं. तिच्या 'व्हॉइस फॉर लाइफ' या अभ्यासक्रमात पांढऱ्या रिबनपासून पिवळ्या रिबनपर्यंत पाच पायऱ्या आहेत, आणि त्यांच्या जोडीला ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा परीक्षा. अभ्यासाचे भागही पाच: आवाज नीट वापरणं, संगीताचं वाचन आणि समज, गाण्यांचा संग्रह, वृंदात सामील असणं, आणि वृंद ज्या उपासनेसाठी गातो तिची जाण. मुलं रविवारी झग्यावर रिबनचं पदक घालून रांगेने आत येतात. पहिल्या बाकावर बसलेल्या आजीला कोण कुठवर पोचलं ते रंगावरून कळतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. भक्तीला गुण कसे द्यायचे? देवासमोर गाणाऱ्याला पास-नापास करणारे तुम्ही कोण? ऐकायला हा आक्षेप उदात्त वाटतो, म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा. वरचे पाच भाग पुन्हा पाहा. भक्तीची परीक्षा त्यात कुठे आहे? श्वास कुठे घ्यायचा, लांब स्वरावर तोंड कसं ठेवायचं, न पाहिलेली चार ओळींची सुरावट पहिल्या नजरेत गाता येते का, स्तोत्राचा अर्थ कळतो का, एवढंच विचारलं जातं. या गोष्टी शिकवता येतात आणि म्हणून तपासताही येतात. भक्तीचा मुद्दा पुढे करणारे लोक बहुधा वृंद चालवणारे असतात, वृंदात गाणारे नसतात, असं माझं निरीक्षण आहे. शिकवलं नाही तरी चालतं, भाव महत्त्वाचा, असं म्हटलं की शिकवण्याची जबाबदारी आपोआप टळते, आणि दर रविवारी फुकट गाणारे तीस गळे मात्र हाताशी राहतात.

उपासनेच्या संगीताचा इतिहास हा बराचसा लहान मुलांचे गळे वापरण्याचा इतिहास आहे. पहिल्या एलिझाबेथच्या काळात चॅपल रॉयलच्या, म्हणजे राणीच्या दरबारी गायनवृंदाच्या, प्रमुखाकडे राजाज्ञा असे. राज्यातल्या कुठल्याही चर्चमधला चांगल्या आवाजाचा मुलगा तो उचलून आणू शके. १६०० साली हेन्री क्लिफ्टन नावाच्या एका गृहस्थाचा मुलगा शाळेत जात असताना असाच पळवला गेला. तोही गाण्यासाठी नव्हे, तर ब्लॅकफ्रायर्सच्या नाटकमंडळीत उभा करण्यासाठी. बाप वजनदार होता, त्याने तक्रार केली, म्हणून ती हकिगत कागदावर तरी राहिली. रोममध्ये तर याहून भयंकर प्रकार शतकानुशतकं चालला. बायकांना चर्चच्या वृंदात गायला बंदी आणि वरच्या पट्टीतले आवाज तर हवेत, म्हणून मुलग्यांना खच्ची करून त्यांचा आवाज कायमचा कोवळा ठेवला जाई. सिस्टिन चॅपलमधला या परंपरेतला शेवटचा गायक आलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ मध्ये वारला. फार जुनी गोष्ट नव्हे. त्याच्या आवाजाच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात.

आज असं काही होत नाही. पण मूळ व्यवहार तोच आहे, फक्त सभ्य झालेला. इंग्लंडच्या कॅथीड्रलमधला मुलगा साधारण आठव्या वर्षी वृंदात येतो आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटला की बाहेर पडतो. मधली पाच वर्षं आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी तो उपासनेत गातो, सकाळी तालीम करतो, नाताळला इतर मुलं घरी असताना हा चर्चमध्ये असतो. १९९१ मध्ये सॉल्झबरी कॅथीड्रलने मुलींचा वृंद सुरू केला, तेव्हापासून मुलीही याच रगाड्यात आहेत. कॅथीड्रलमध्ये निदान शिक्षण उत्तम मिळतं. ती मुलं बाहेर पडतात तेव्हा कुठलाही कागद समोर धरा, वाचून गातात. प्रश्न लहान गावातल्या चर्चचा आहे. तिथला मुलगाही पाच वर्षं गातो. पण त्याला सगळं पियानोवर वाजवून, ऐकवून, घोकवून घेतलं असेल, तर आवाज फुटल्याच्या दिवशी त्याच्या हाती काय उरतं? पाच वर्षांची पाठ केलेली गाणी, आणि तीही आता त्याच्या पट्टीत नसलेली.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. वृंदाच्या परीक्षा म्हणजे गाणाऱ्याने वृंदासमोर आपली लायकी सिद्ध करणं, हा समजच उलटा आहे. गाणारा आपला आवाज आणि आपले रविवार आधीच देऊन बसलेला असतो. त्या बदल्यात त्याला कायमचं कसब मिळालं की नाही, हे बाहेरच्या माणसाने येऊन पाहावं, यासाठी परीक्षा हवी. ती वृंदाची थकबाकी मोजते. असं धरलं की काय तपासायचं, काय तपासायचं नाही आणि पैसे कुणी भरायचे, हे तिन्ही प्रश्न बऱ्यापैकी सुटतात.

हा विचार मुळीच नवा नाही. अकराव्या शतकातला इटालियन साधू गुइदो द'अरेझ्झो हाच राग मनात धरून कामाला लागला होता. त्याच्या आधी मठातली मुलं गुरूच्या तोंडून एकेक स्तोत्र ऐकून पाठ करत, आणि त्यात आयुष्याची दहा-दहा वर्षं जात. गुइदोचं गाऱ्हाणं असं की गायक रोज गातात, जन्मभर गातात, तरी गुरू नसेल तर एक साधं स्तोत्र त्यांना स्वतःहून उलगडत नाही. त्याने रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत नेटकी केली आणि स्वरांना उत, रे, मी अशी नावं दिली. या पद्धतीने एका वर्षात, फार तर दोन वर्षांत गायक तयार होतो असा त्याचा दावा होता. पोप एकोणिसाव्या जॉनने त्याला रोमला बोलावून घेतलं आणि स्वतः करून पाहिलं. मठातले काही सहकारी मात्र त्याआधीच त्याच्यावर नाराज झाले होते, आणि त्याला मठ सोडावा लागला होता. ज्याची विद्या तोंडी असते त्याला लिहिणारा माणूस आवडत नाही, हे आपल्याकडच्या गाण्याच्या घराण्यांनीही पुरेपूर सिद्ध केलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात ही लढाई पुन्हा झाली, आणि यावेळी तिच्यात परीक्षा आली. जॉन कर्वेन हा काँग्रिगेशनल पंथाचा पाद्री. १८४१ मध्ये एका परिषदेने त्याच्यावर जबाबदारी टाकली की संडे स्कूलच्या मुलांना गाणं शिकवायची सगळ्यात सोपी पद्धत शोधून काढ. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने अक्षरांत स्वर लिहिण्याची एक युक्ती आधीच काढली होती. कर्वेनने ती घेतली, वाढवली आणि तिला 'टॉनिक सोल्फा' हे नाव दिलं. पाच रेषांचा महागडा छापील कागद नको, वाद्य नको, डो, रे, मी ची आद्याक्षरं आणि थोडी विरामचिन्हं पुरेत. कापडगिरण्यांत काम करणारी माणसं संध्याकाळच्या वर्गात चार स्वरांत, म्हणजे सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार वेगळ्या ओळी एकत्र, गाऊ लागली. कर्वेनने त्यांच्यासाठी पायऱ्यांची प्रमाणपत्रं काढली: प्राथमिक, मध्यम, पुढची. त्याचा एक आग्रह माझ्या दृष्टीने फार मोलाचा आहे. प्रत्येकाला एकेकटं तपासा, असं तो म्हणे. शंभर जणांच्या वर्गात वीस जण नीट वाचत असतील तर उरलेले ऐंशी त्यांच्या आवाजाला टेकून गातात, आणि शिक्षकाला वाटतं वर्ग तयार झाला. टेकणाऱ्याची यात फसवणूक होते, कारण आपल्याला येत नाही हे त्याला कळतच नाही.

ही पद्धत मिशनऱ्यांच्या पेटीतून जगभर गेली. दक्षिण आफ्रिकेत इनॉक सोंटोंगाने १८९७ मध्ये रचलेलं आणि पुढे राष्ट्रगीताचा भाग झालेलं प्रार्थनागीत सोल्फाच्या अक्षरांतच लिहिलेलं होतं. आपल्याकडे वेल्श मिशनऱ्यांनी ती खासी टेकड्यांत आणि मिझोरममध्ये नेली. मिझो भजनांची पुस्तकं आजही सोल्फात छापलेली असतात, आणि खेड्यातला शेतकरी ती उघडून आपली टेनर किंवा बासची ओळ वाचतो. या बाबतीत भारतातलं दुसरं कुठलं राज्य मिझोरमच्या जवळपास येईल असं मला वाटत नाही. मुंबई-पुण्याच्या कितीतरी पदवीधर संगीतप्रेमींना जे जमत नाही, ते तिथल्या रविवारच्या गर्दीला जमतं.

पण मिझोरमची खरी गंमत पुढे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे धर्मजागृतीच्या लाटा आल्या, आणि त्यांतून लेङखॉम झाइ नावाची गाण्याची दुसरीच रीत उभी राहिली. तीच भजनं, पण संथ लयीत, ढोलाच्या ठेक्यावर, लोकांच्या जुन्या गळ्याच्या वळणाने. कागद नाही, चार ओळी नाहीत, कुणी वाचत नाही. सगळे मिळून गातात आणि मधल्या जागेत काही जण नाचतातही. मिझो चर्चने यातलं एक ठेवून दुसरं टाकलं नाही. वृंद उभा राहतो तेव्हा सोल्फा, आणि सगळा समाज गातो तेव्हा ढोल. ढोलाच्या गाण्याची परीक्षा घ्यावी असं कुणालाही सुचणार नाही, कारण तिथे कुणावर एकट्यावर काही अवलंबूनच नाही. एखादा चुकला तर बाकीच्यांचा आवाज त्याला पोटात घेतो.

हा फरक आपल्याला परका नाही. आषाढीच्या वाटेवर दिंडीत टाळ वाजवत चालणाऱ्याला कुणी प्रमाणपत्र विचारत नाही. तो चार वर्षं रांगेत चालतो, ठेका अंगात मुरतो, चाली कानावर पडून पडून पाठ होतात. दिंडी त्याच्याकडून काही हिरावून घेत नाही, म्हणून ती त्याचं काही देणंही लागत नाही. पण त्याच परंपरेत जो माणूस उद्या वीणेशेजारी उभा राहून दोन तास कीर्तन करणार, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि चार वर्षांचा अभ्यास लावून दिला. जबाबदारी एकट्याची झाली की शिक्षण शिस्तीत बसवावं लागतं, हे जोगमहाराजांना कळलं होतं, आणि त्यामुळे भक्ती पातळ झाली असं आळंदीत कुणी म्हणत नाही. चार स्वरांच्या वृंदात तर प्रत्येक ओळ कुणाच्यातरी एकट्याच्या खांद्यावर असते. आल्टोत दोघी उभ्या आहेत आणि दोघींनाही ओळ येत नाही, तर ती ओळ त्या दिवशी गायलीच जात नाही. सोप्रानो कितीही गोड असोत.

आता गोवा. माझ्या मांडणीला सगळ्यात मोठा अडथळा गोव्याचाच आहे, म्हणून तो वळसा घालून जाता येणार नाही. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चना जोडून पॅरिश शाळा होत्या. तिथला मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी सोल्फेजियो, म्हणजे स्वरवाचन, शिकवी, मग व्हायोलिन हातात देई. मोबदला म्हणून मुलं मिस्सेला गात, लेन्तच्या दिवसांत मोतेत गात, सणावारी वाजवत. कसलीही बाहेरची परीक्षा नाही, पदक नाही, कागद नाही. आणि या शाळांतून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे काय केलं? मुंबईची जॅझ बँड आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चचे संगीतशिक्षक होते. मुलाने मुंबईत वादक आणि संयोजक म्हणून नाव कमावलं, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं, आणि १९७७च्या सिनेमातलं ते गाजलेलं पात्र त्यांचंच नाव घेऊन पडद्यावर आलं. शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्ययोजना करणारे सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याचेच. संगीतकार पेटीवर चाल ऐकवत आणि ही माणसं ती ऐकता ऐकता चाळीस-पन्नास वादकांसाठी कागदावर उतरवून देत. चर्चने लहानपणी घेतलेला आवाज चर्चने पोटापाण्याच्या विद्येच्या रूपाने परत केला होता.

मग परीक्षा कशाला? मेस्त पुरे होता की. हो, पुरे होता. पण का पुरे होता ते पाहिलं पाहिजे. मेस्त गावातच राहणारा होता, आणि त्याचा शिष्य मुंबईला जाऊन पहिल्याच दिवशी कागद वाचू शकला नाही तर ती बातमी गावात परत येई. स्टुडिओत समोर ठेवलेला कागद हीच परीक्षा होती, आणि ती एका नजरेत संपत असे. शिकवणाऱ्याला बाहेरचा धाक होता. शाळा विरत गेल्या, मेस्ताची जागा कित्येक ठिकाणी रविवारी येणाऱ्या हौशी कीबोर्डवाल्याने घेतली, आणि हा धाक गेला. आता अनेक चर्चमध्ये मुलं मोबाइलवर ऐकून गाणं पाठ करतात. वृंद छान दिसतो, गाणंही वेळ निभावून नेतं. मुलाच्या हाती काही राहत नाही.

इतिहासाचा एक टोमणा इथे सांगायलाच हवा. गोव्यात आणि वांद्र्यात मध्यमवर्गीय घरांतली मुलं आज ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षा देतात. पहिली ग्रेड, दुसरी ग्रेड, आठवीपर्यंत. लंडनहून परीक्षक येतो, आईबाप फी भरतात, भिंतीवर चौकट लागते. या ट्रिनिटीचा जन्म १८७२ मध्ये कशासाठी झाला होता? हेन्री बोनाव्हिया हंट या तरुणाने तेव्हा स्थापन केली ती 'चर्च कोरल सोसायटी', म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांना शिकवणारी मंडळी. तिचीच परीक्षासंस्था झाली, ती जगभर पसरली आणि आता तिचा चर्चच्या वृंदाशी काही संबंध उरलेला नाही. मुलगी बंद खोलीत पियानोच्या साथीने एकटी तीन गाणी गाते, चांगले गुण मिळवते, आणि रविवारी चर्चच्या वृंदात फिरकत नाही, कारण तिथे तिच्या आठ ग्रेडचं काही काम नाही. फिरकली, तर तिच्या आवाजाने शेजारच्या तिघी झाकल्या जातात. एकट्याने गायची परीक्षा दिलेल्या माणसाला शेजाऱ्याचा श्वास ऐकायची सवय नसते.

ट्रिनिटीच्या जन्माच्याच वर्षी, १८७२ मध्ये, कुरुंदवाडला कीर्तनकाराच्या घरी विष्णु दिगंबर पलुस्कर जन्मले. आपल्याकडच्या संगीत परीक्षांचं मूळ शोधत गेलं की याच घरात पोचावं लागतं. बुवांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वर्ग लावले, स्वरलिपीची पुस्तकं छापली, पदवीदानाचे समारंभ केले. उस्तादाने चीज द्यावी की न द्यावी हे त्याच्या मर्जीवर असण्याचा तो काळ. कुठल्या वर्षी किती राग, किती बंदिशी शिकवल्या जातील हे आधी छापून देणं, हा त्या काळात विद्यार्थ्याला मिळालेला मोठा हक्क होता. बुवा १९३१ मध्ये गेले. त्याच वर्षी स्थापन झालेलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही घेतं. या परीक्षांनी घराघरांत, विशेषतः मुलींच्या हातात, तानपुरा दिला हे कुणी नाकारू नये.

पण पुढे काय झालं तेही आपण पाहतो. विशारद झालेले आणि गाणं सोडलेले लोक प्रत्येक वाड्यात, प्रत्येक सोसायटीत भेटतात. आता तर शास्त्रीय कलांच्या परीक्षांवर दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणून आठवी-नववीत क्लासला गर्दी होते आणि दहावीचा निकाल लागला की पेटीवर पुन्हा कापड पडतं. १८८२च्या शिलिंगचाच हा अवतार आहे, फक्त उलटा फिरलेला. तेव्हा गुणांचा भार शाळेवर होता, आता तो मुलावर आणि त्याच्या आईबापाच्या खिशावर आला. मुलगा काहीच शिकला नाही तरी क्लासवाल्याचं काही बिघडत नाही. आणखी एक. बुवा स्वतः भजनांसाठी ओळखले जात, हजारोंचा समुदाय त्यांच्यामागे गात असे. समुदायाला गायला लावण्याच्या त्या विद्येला मात्र त्यांच्या नावाने चालणाऱ्या परीक्षांत जवळजवळ जागाच नाही. तिथेही विद्यार्थी एकटाच बसतो.

उपासनेच्या गाण्याच्या परीक्षा आखायच्या तर या दोन्ही अनुभवांपासून सावध राहावं लागेल. वृंदातल्या माणसाला एकट्याने तपासावं आणि सोबतीनेही तपासावं. कर्वेनचा आग्रह वाचनापुरता बरोबर: न पाहिलेली ओळ ज्याची त्याने एकट्याने वाचून दाखवावी. पण खरी कसोटी चौघांत आहे. एक सोप्रानो, एक आल्टो, एक टेनर, एक बास, टेकायला शेजारी नाही, झाकायला पियानो नाही. त्यात आपली ओळ धरून ठेवायची, दुसऱ्याच्या स्वराशी आपला स्वर जुळवायचा, शब्द सगळ्यांचे एका वेळी संपवायचे. पाच मिनिटांत परीक्षकाला सगळं कळेल आणि गाणाऱ्याला त्याहून जास्त. अवघड काहीच नाही, फक्त परीक्षकाला एकाच वेळी चौघांना ऐकण्याची तसदी घ्यावी लागेल.

'वृंदात सामील असणं' या भागाला गुण देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तालमीला वेळेवर येणं, लहानांना सांभाळणं, झगा जागेवर ठेवणं, हे शिकवावं जरूर. इंग्रज मंडळींनी ते अभ्यासक्रमात घेतलं याचं कौतुकही आहे. पण त्याची नोंद केली की वृंदप्रमुखाच्या हातात एक छडी येते. मुलगा प्रश्न विचारतो, उलट बोलतो, रविवारी क्रिकेटला जातो, आणि मग रिबन लांबते. शिकवणारा आणि पारखणारा एकच माणूस असणं वाचनाच्या बाबतीत परवडेल एक वेळ, वागण्याच्या बाबतीत परवडणार नाही. धर्मसंस्थांच्या आश्रयाला असलेल्या मुलांचं काय काय झालं याच्या चौकश्या गेल्या काही दशकांत अनेक देशांत झाल्या आहेत. मोठ्यांच्या मर्जीवर मुलांचं स्थान ठरेल अशी कुठलीही नवी सोय तिथे नको.

मुलांच्या रिबनना माझा विरोध नाही. मुलांना त्या आवडतात, आणि तत्त्वापायी मुलांच्या गळ्यातून काही काढून घेण्याचा उत्साह मला नाही. मोठ्यांनी मात्र उपासनेत पदकं घालून उभं राहू नये. पन्नाशीच्या माणसाने आपली पातळी समोर बसलेल्या समाजाला दाखवायची गरज काय?

राहिला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात आधी तोच सोडवायला हवा. गोव्यातल्या, वसईतल्या, मुंबईतल्या ज्या चर्चच्या वृंदात आज मुलं गातात, त्यांच्या कारभाऱ्यांना माझी विनंती आहे. दोन वर्षं गायलेल्या प्रत्येक मुलाला एक ओळ स्वतः वाचता यावी, एवढंच पहिलं उद्दिष्ट धरा. वर्षातून एकदा दुसऱ्या पॅरिशमधला जाणकार बोलवा आणि त्याच्यासमोर आपल्या मुलांना चौघाचौघांत उभं करा. जी मुलं नापास होतील त्यांची यादी पालकांना पाठवू नका, वृंद शिकवणाऱ्याला द्या. आणि पुढे कुणाला मोठी परीक्षा द्यायची असेल तर तिची फी मुलाच्या घरून मागू नका. त्याने आपला वाटा गाऊन भरलेला आहे. ती फी चर्चने भरावी.